निवड न झालेली

स्वानंदीला कुणीतरी विचारायला हवं होतं. सांगणं तिच्याने होणार नव्हतं. चांगल्या घरातल्या बाईने आपणहून सांगायचं नसतं, विचारल्यावर मात्र खरं बोलायचं, असं मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत वडिलांचं फोनवर नाशकातल्या थंडीपासून इंदिरानगरच्या पाण्यापर्यंत सगळं विचारून झालं होतं, ते एक सोडून.

म्हणून धुण्याभांड्याला येणाऱ्या फुलाबाईने बातमी आणली, तेव्हा स्वानंदीने मिक्सर बंद केला.

"टॅबवाली बाई आली होती आमच्या वस्तीत," फुलाबाई म्हणाली. "सगळ्यांना भाईर काढलं न् मला इचारलं, मालक मारतो का."

"असं सरळ?"

"मंग काय वाकडं इचारणार? म्हनलं, हानतो. वारंवार का कधीकधी, म्हने. म्हनलं, रविवारी वारंवार, एरवी कधीकधी."

"मग?"

"लिवून घेतलं. थँक्यू म्हनली. तुमच्या सोसायटीत बी येनारे ती, शनिवारी."

शनिवारपर्यंत स्वानंदी चटणी वाटता वाटता उत्तराची तालीम करत राहिली. 'हो' एवढं पाठ झालं. पुढचं अडलं. गेल्या दिवाळीपासून सात वेळा. सात म्हणजे कधीकधी की वारंवार? एका प्रसंगात तीन थपडा असतील तर एक धरायचा की तीन? ती गणितात एम.एस्सी. होती. सरकारला चुकीचा आकडा जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं.

तिचा नवरा उपेंद्र सोसायटीचा सेक्रेटरी होता. पार्किंगच्या भांडणातही त्याचा आवाज कधी चढला नव्हता. मारतानाही चढत नसे. भिंतीपलीकडे लोक राहतात याची त्याला जाण होती.

शनिवारी अकराला ती मुलगी आली. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत म्हणाली, "मी स्नेहा. आरोग्य सर्वेक्षण."

"या, मॅडम," उपेंद्र म्हणाला. "सोसायटीत परवानगी मीच दिली तुम्हाला. खरी माहिती गोळा झालीच पाहिजे."

स्नेहाने टॅबवर घरातली माणसं भरली. उपेंद्र. स्वानंदी. उपेंद्रची आई श्यामलाबाई, वय अठ्ठावन्न, विधवा. मग म्हणाली, "शेवटी एक विशेष भाग असतो. तो घरातल्या एकाच बाईला विचारायचा. कुणाला, ते मशीनच चिठ्ठी काढून ठरवतं."

तिने बोट टेकवलं. पडद्यावर एक गोल फिरला आणि थांबला.

"श्यामलाकाकू."

"मी कशाला गं?" श्यामलाबाई म्हणाल्या. "हिला विचार. शिकलेली आहे."

"बदलता येत नाही, काकू."

स्वानंदीने स्वतःला समजावलं. मशीन आहे, चुकत असेल. पुढे कुठेतरी येईलच प्रश्न. बेडरूममध्ये तिची मुलाखत सुरू झाली. दार बंद होतं. सगळं फुलाबाईने सांगितल्यासारखंच होतं.

"मीठ कोणतं वापरता?"

"आयोडीनचं."

"स्वयंपाकाला गॅस की चूल?"

"गॅस."

"गेल्या वर्षभरात दवाखान्यात जावं लागलं?"

"हो," स्वानंदी घाईने म्हणाली. "मनगट मोडलं होतं."

"ताप, जुलाब, बाळंतपण की इतर?"

"इतर."

स्नेहाने 'इतर'वर टिचकी मारली आणि लोहाच्या गोळ्यांकडे वळली. स्वानंदीने मनगट उगाच मांडीवर सरळ ठेवलं. पाळी झाली, डासांच्या जाळ्या झाल्या, घरात सायकल आहे का तेही झालं. चाळीस मिनिटांनी स्नेहा म्हणाली, "झालं, ताई. थँक्यू."

"एवढंच?"

"एवढंच. आता काकूंना पाठवा."

बाहेर उपेंद्र दाराजवळच खुर्ची टाकून बसला होता. स्नेहाला अशा नवऱ्यांची सवय असावी. "सर, सगळ्यांची आधार कार्डं लागतील," ती म्हणाली. सर्वेक्षणाला आधार कार्ड लागत नव्हतं. पण आधार म्हटलं की घरातला पुरुष दहा मिनिटं कपाटात डोकं घालतो, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं. उपेंद्र गेला. श्यामलाबाई आत गेल्या आणि दार लागलं. स्वानंदी बाहेर उभी राहिली, आपला नंबर दुसऱ्याला लागल्यासारखी.

आतून काही ऐकू आलं नाही. सहा मिनिटांनी सासूबाई बाहेर आल्या, हातात एक बंद पाकीट होतं. कुणाकडे न बघता त्या स्वयंपाकघरात गेल्या. उपेंद्रने तिन्ही कार्डं आणून दिली, स्नेहाने ती अदबीने पाहून परत केली आणि निघाली.

"कचरा टाकून येते," स्वानंदी म्हणाली. डबा रिकामा होता. तिने दुसऱ्या मजल्याच्या वळणावर स्नेहाला गाठलं.

"मला विचारा ना."

"काय, ताई?"

"तेच. आईंना विचारलंत ते."

स्नेहा दचकली. "तुमची निवड नाही झाली, ताई. तुमचा फॉर्म बंद झाला. आता नोंदवता नाही येणार."

"नोंदवू नका. नुसतं विचारा."

स्नेहाने जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं. मग टॅब पिशवीत ठेवला आणि रोजच्याच आवाजात सुरुवात केली. शब्द तिला पाठ होते. "तुमच्या पतीने तुम्हाला कधी थप्पड मारली आहे का?"

"हो."

"ढकललं, किंवा काही फेकून मारलं?"

"हो."

"हात पिरगाळला, केस ओढले?"

"हो."

"भाजण्याचा प्रयत्न केला?"

"नाही," स्वानंदी म्हणाली, आणि नवऱ्याची बाजू सावरल्यासारखं तिला वाटलं.

"वारंवार की कधीकधी?"

"सात वेळा. हे कशात बसतं?"

स्नेहाला ते कुणी शिकवलं नव्हतं. ती पुढच्या प्रश्नाला गेली. "याबद्दल तुम्ही कधी कुणाकडे मदत मागितलीत?"

"आत्ता."

"आत्ता असा पर्याय नाहीये, ताई." हे बोलून गेल्यावर स्नेहाचाच चेहरा उतरला. पिशवीचा पट्टा आवळत ती म्हणाली, "पाकीट असतं. इथल्या एका संस्थेतल्या बाईंचं नाव, पत्ता असतो आत. त्या येतात, सोबत राहतात. पण घरटी एकच पाकीट, तेही मोजून देतात. उघडायची आम्हाला परवानगी नाही, म्हणून मला नाव माहीत नाही. तुमच्या घरचं काकूंना दिलं."

"मी ते त्यांच्याकडून मागू?"

उत्तरं देणं स्नेहाचं काम नव्हतं. पायऱ्या उतरता उतरता तिने दोनदा वळून पाहिलं.

स्वानंदी वर आली. श्यामलाबाई स्वयंपाकघरात खाली बसून गवार मोडत होत्या. ताटाखालून पाकिटाचा कोपरा दिसत होता.

"आई, ते पाकीट द्या मला."

"ते मला दिलंय."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

एक शेंग मोडली. "नाही म्हणून सांगितलं. सगळ्याला नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाचं कशाला लिहायचं?"

"मग तुम्हाला ते नकोय."

"काय नकोय?" हॉलमधून उपेंद्रने विचारलं. "कसलं पाकीट?"

श्यामलाबाईंनी ताट उचलून मांडीवर घेतलं. फरशीवरचं पाकीट आता पूर्ण दिसत होतं. त्यांनी ते दिलंही नाही, झाकलंही नाही. स्वानंदीने वाकून ते उचललं आणि ब्लाउजात सारलं.

उपेंद्र आत आला आणि त्याने आपल्यामागे दार हलकेच लोटून घेतलं, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये इतकं हलकेच. एरवी अशा वेळी श्यामलाबाई उठून बाहेर जायच्या.

आज त्यांनी पुढची शेंग घेतली.