पाळण्याच्या कड्यांवरचा बांबू

मी वळणीचा, म्हणजे कपडे टांगायचा बांबू बोलतोय. एका भुंग्यानं माझ्या तिसऱ्या पेराला कधीतरी भोक पाडलं होतं. खिडकीतून वारा आला की त्यातून बारीक आवाज निघतो, तेच माझं बोलणं. घाई असेल त्याला ते ऐकू येत नाही. तुम्ही बसलायत, तर सांगतो.

माझा जन्म नाशिककडच्या पेठ गावाच्या पलीकडचा, ओहोळाच्या काठी. आमचं मोठं बेट होतं. तिथं दिवसभर डोलायचं, एकमेकांवर घासून कुरकुरायचं आणि पुन्हा डोलायचं, एवढंच काम. मी बेटाच्या कडेला होतो, म्हणून रावजीच्या नजरेत आलो.

रावजीनं मला अवसेला तोडला. त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही, असं त्याचं म्हणणं. मग ओहोळाच्या पाण्यात महिनाभर दगडाखाली दाबून ठेवला, वर काढून सावलीत वाळवला, चुलीच्या धुरावर धरला. एवढं सगळं एका कपडे टांगायच्या बांबूसाठी. त्याची बायको चिमणाबाई म्हणालीही, "दांडीच करायची हाय ना? का नवरदेव करायचा हाय?" रावजी नुसता हसला. त्याला कशाचीच घाई नव्हती. माझं हे संथ बोलणं त्याच्याच हाताखाली राहून लागलेलं आहे.

अंबाडीच्या दोन दोऱ्यांनी त्यानं मला घराच्या आढ्याला टांगलं. त्या घरात कपाट नव्हतं. रावजीचं धोतर, चिमणाबाईचं लुगडं, डोक्याखांद्यावरून घ्यायची तिची तांबडी-काळी फडकी, पोरांच्या चड्ड्या, सगळं माझ्यावरच. जे हाताला येईल ते अंगावर जाई. आज काय घालू, हा प्रश्न मी तिथं कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

त्या घरातली नात म्हणजे पल्लवी. सहाव्या वर्षी ती आश्रमशाळेत गेली आणि तिला गणवेश मिळाला. तिचा घरचा पिवळा फ्रॉक माझ्यावर तसाच लटकत राहिला. सुट्टीला आली तेव्हा तो आखूड झालेला. पुढं वसतिगृह, कॉलेज, बी.एड.; तिथंही गणवेशाची साडी. म्हणजे बघा, पोरगी गणितात इतकी हुशार, पण चोविसाव्या वर्षापर्यंत सकाळी उठून आपले कपडे आपण ठरवायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती.

ती पाळी आली नाशकात. कॉलेज रोडच्या एका खाजगी क्लासमध्ये तिला दहावीचं गणित शिकवायला घेतलं. क्लासचे मालक शरच्चंद्र सर म्हणाले, "तीन महिने बघू, मग कायमचं ठरवू." म्हसरूळला तिनं एक खोली घेतली. खोलीत अर्धी वाटेकरी तेजश्री, मूळची वणीची, सातपूरच्या एका ऑफिसात कामाला. तिथलं कपाट एकच, आणि ते तेजश्रीच्या कपड्यांनी गच्च भरलेलं. म्हणून रावजी मला घेऊन एसटीत चढला.

कंडक्टर म्हणाला, "बाबा, बांबूचंबी तिकीट लागंल."

"काढतो ना. पण मग त्याला खिडकीजवळची जागा द्या. जंगलातून आलाय, बघू दे वाईच."

सगळी गाडी हसली. मी मधल्या वाटेत आडवा पडून नाशिकला आलो.

खोलीच्या छताला पाळण्याच्या दोन कड्या होत्या. घरमालकीण लंकाबाई खालून ओरडल्या, "पाळणा बांधा की बांबू बांधा, माझी कडी मोडू नका म्हणजे झालं." तेव्हापासून मी तिथं आहे. खाली फरशी, डोक्यावर पंखा. दुपारी दोघी कामावर गेल्या की पंख्यावाचूनही खिडकीतल्या वाऱ्यानं कपडे हळूहळू हलतात, आणि मला वाटतं मी बेटात आहे, ही माझीच पानं आहेत. निळी, हळदी, हिरवी. अर्धी झोप, अर्धं जागेपण. म्हाताऱ्याला तेवढं पुरतं.

पल्लवीनं पाच जोड विकत आणले होते. कुर्ता, सलवार, ओढणी, सगळं एका रंगाचं. सोमवारी निळा, मंगळवारी हळदी, बुधवारी हिरवा, गुरुवारी गुलाबी, शुक्रवारी राखाडी. शनिवारी पुन्हा निळा. एका जोडातलं कापड ती दुसऱ्या जोडाला लागून कधी टांगत नसे. मध्ये चार बोटं जागा सोडायची. एकदा हळदी सलवार वाळली नाही, तर मंगळवारी तिनं ओलीच घातली. गणवेश सुटला होता, पण गणवेशाची सवय सुटली नव्हती.

महिन्याभरानं एक दिवस ती घरी आली ती पिशवी खांद्यावरून न उतरवताच फरशीवर बसली. तेजश्रीनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "काय गं, काय झालं?"

"वर्गात मयूर म्हणून एक मुलगा आहे. मी आत गेले तर मागून म्हणाला, मॅडम हिरव्यात, म्हणजे बुधवार. वहीवर तारीख घाला रे."

तेजश्रीला हसू आवरेना. "सॉरी, सॉरी. पण भारी बोललाय यार."

"सगळा वर्ग हसला. मी फळ्याकडं तोंड केलं ते तास संपेपर्यंत वळलेच नाही."

"एवढंच ना? माझे घाल. कपाट उघडं आहे तुला."

मन मोठं हो तेजश्रीचं. तिचं कपाट मात्र निराळंच होतं. दार उघडलं की दोन-तीन कपडे आपसूक खाली पडत, आणि त्यांच्यासमोर उभी राहून ती रोज सकाळी म्हणायची, "घालायला काहीच नाहीये." मी वरून ऐकायचो. घड्या घातलेले कपडे अंधारात एकावर एक पडलेले. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही. मग घालणारीला तरी ते कसे आठवावेत?

तर पल्लवी तेजश्रीचे कपडे घालून जाऊ लागली. तंग बाह्यांचे कुर्ते, खांद्यावरून घसरणाऱ्या ओढण्या. मयूर वाराचं बोलेनासा झाला. पण पल्लवी रोज थकून यायची. पिन काढताना बोटं चुरचुरायची. माझ्यावरचे तिचे पाच जोड नुसते धूळ खात लटकत होते. मला त्यांचं वजन त्या दिवसांत फार लागायचं.

तीन महिने संपत आले तेव्हा सरांनी तिला बोलावलं. ते काय म्हणाले, हे तिनं तेजश्रीला शब्दान् शब्द सांगितलं. "पल्लवी मॅडम, गणित तुम्ही छान उलगडून सांगता. पण फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहिता. मागच्या बाकांना दिसत नाही. आणि सारखा हात ओढणीकडं. येत्या शनिवारी पालक येऊन मागं बसणार आहेत. त्या तासावरून ठरवू."

"मग?" तेजश्रीनं विचारलं.

"मग काय. नाही जमलं तर पेठला परत."

तिनं शनिवारसाठी तेजश्रीचा सगळ्यात चांगला, मरून रंगाचा कुर्ता मागून घेतला आणि दाराच्या हुकला अडकवला. माझ्यावर नाही. हे मी मनाला लावून घेतलं नाही, पण लक्षात ठेवलं.

शुक्रवारी सकाळी रावजी आला. नागलीचं पीठ आणि थोडे उडीद त्यानं चिमणाबाईच्या जुन्या फडकीत बांधून आणले होते. चिमणाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. दोघी पोरी कामावर गेल्या, म्हातारा एकटाच राहिला. रिकामं बसणं त्याला जमत नाही. त्यानं पल्लवीचे धुळकटलेले पाचही जोड काढले, फडकीसकट बादलीत बुडवले, धुतले, पिळले आणि माझ्यावर टांगायला घेतले.

आता रावजीची टांगायची रीत ऐका. त्याला रंग कळत नाही, त्याला तोल कळतो. ओले जड कुर्ते मधोमध. हलक्या सलवारी दोन्ही टोकांना आणि जिथं जागा दिसेल तिथं. एका बाजूला बांबू झुकला की त्या बाजूचं काहीतरी उचलून दुसरीकडं. मागं सरून एक डोळा मिटून बघायचं, पुन्हा एखादं हलवायचं. तासभर चाललं होतं. माझ्या अंगावर इतक्या मायेनं किती वर्षांत कुणी काही टांगलं नव्हतं. मी तराजूच्या दांडीसारखा सरळ राहिलो आणि डोळा लागला. डोळे नाहीत, तरी लागला.

जाग आली ती पल्लवीच्या आवाजानं. उन्हं उतरत होती.

"आजा, हे काय केलंस? सगळे जोड मोडले की."

"जोड कसले? बैलं हायत का ती?" रावजी म्हणाला. मग जरा थांबून, "आन् बैलांचाबी मोडतो जोड. एक दुखावला तं शेजारच्याचा आणून जुपतो. नांगर काय थांबत नाय पोरी."

पल्लवी माझ्याकडं बघत होती. निळ्या कुर्त्याशेजारी राखाडी सलवार आली होती, आणि दोघांच्या मधून फडकीचा तांबडा-काळा काठ डोकावत होता. पलीकडं हळदी कुर्ता आणि हिरवी सलवार, भाताच्या खाचरात शेवंती उभी असावी तशी. गुलाबीशेजारी राखाडी ओढणी. हे पाचही जोड तिचेच. पण ते एकमेकांना भेटले होते ते त्या दुपारी पहिल्यांदा.

"उद्या काय घालणार?" रावजीनं विचारलं.

तिनं दाराकडं बोट दाखवलं.

"घालून दाखव."

ती घालून आली. तेजश्रीही तोवर ऑफिसातून आली होती. म्हणाली, "परफेक्ट. एकदम मॅडम दिसतेस."

रावजी म्हणाला, "झ्याक हाय. आता फळ्यावर वर लिहितीस तसा हात कर."

पल्लवीनं हात उचलला. कानापर्यंत गेला आणि थांबला. काखेत शिवण ताणली. ओढणी घसरली, तशी दुसरा हात तिकडं धावला. गेले दोन महिने फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा का राहिला, ते आम्हा चौघांना एकदमच कळलं. चौघांत मी धरलाय मला.

"ज्यात भाताची आवणी करता येत नाय ते कपडे लग्नाला घालावे," रावजी म्हणाला. "वाईट नायत ते. त्यांचं काम निराळं."

"आजोबा, माझ्या कपाटाची पार लाज काढलीत," तेजश्री म्हणाली.

"नाय गं. तुझ्या मापाचे हायत ते, तुला वर येत असंल हात." तेजश्रीनं हात वर करून पाहिला. आला. तिघंही हसले.

पल्लवीनं माझ्यावरचा निळा कुर्ता काढला. सैल बाह्यांचा, जाड सुताचा. खाली राखाडी सलवार. आरशापुढं उभी राहिली, दोन्ही हात वर केले, खाली वाकली, मागं वळली. मग फडकीला हात लावला आणि थबकली.

"ही नको," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील."

"नको तं नको," रावजी म्हणाला. त्यानं आग्रह केला नाही. चिमणाबाईची होती, तरी केला नाही.

तेजश्री म्हणाली, "अगं, बाकी दोन्ही किती गप्प आहेत. एकानं तरी बोलायला हवं ना." आणि तिनं फडकी पल्लवीच्या खांद्यावर टाकली. जुनं, मऊ, जाडसर कापड. जिथं टाकलं तिथं बसलं, घसरलं नाही. पल्लवीनं पिन हातात घेतली होती, ती तशीच डबीत परत ठेवली.

शनिवारी वर्गात काय घडलं ते मी पाहिलं नाही. बांबूला कोण नेणार क्लासला? त्या दिवशी मला दुपारची झोप आली नाही. रावजीही खिडकीशी बसून होता. अंबाडीची एक दोरी सैल झाली होती, ती त्यानं तीनदा सोडून तीनदा बांधली.

ती आली तेव्हा निळ्या कुर्त्याच्या बाहीला खडूची पूड होती. पार खांद्यापर्यंत.

"आधी पाणी पी," रावजी म्हणाला.

"आजा, फळ्याच्या वरच्या कडेपासून सुरुवात केली. मागच्या बाकावरची एक आई मान हलवत होती, तिलाही कळत होतं बहुतेक."

"आन् तो वार सांगणारा पोरगा?"

"मयूर? तो म्हणाला, मॅडम, आज वार कळत नाहीये. मी म्हटलं, शनिवार आहे, आणि तारीख घालायला आता तू ऊठ. तो उठून फळ्याशी आला. बुटका आहे बिचारा, हात पोचेना. मग मीच घातली."

"आन् सर?"

ती घोटभर पाणी प्यायली. "सर म्हणाले, सोमवारपासून नववीही घ्या."

रावजीनं मान डोलावली आणि माझी दोरी चौथ्यांदा बांधायला घेतली. पल्लवीनं फडकी काढून माझ्यावर ठेवली, हळदी आणि हिरव्याच्या मध्ये. तोल थोडा गेला. रावजीनं तो तसाच राहू दिला.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. पल्लवीचे कपडे आजही साधारण तेवढेच आहेत. दोन कुर्ते वाढले, एक विरला. पण सकाळी ती माझ्यापुढं उभी राहते, एक काढते, त्याला दुसऱ्याशेजारी धरते, मान तिरकी करते आणि हात वर करून बघते. चहा उकळेपर्यंत तिचं ठरलेलं असतं. तेजश्रीही आता आठवड्याचे कपडे कपाटातून काढून माझ्यावर टांगते. "घालायला काही नाही" हे वाक्य या खोलीत महिन्यातून एखाद्या वेळीच ऐकू येतं, तेही लग्नसराईत.

माझं मात्र वय झालं. भुंग्याच्या भोकापासून एक भेग निघाली आहे आणि ओले कपडे पडले की ती कुरकुरते. रावजीनं नवा बांबू तोडून पाण्यात दाबून ठेवलाय, अवसेचा. दिवाळीनंतर तो येईल. एसटीत त्यालाही तिकीट लागेलच.

माझं काय करायचं, असं तेजश्रीनं परवा विचारलं. पल्लवी म्हणाली, "आजा आला की याची एक लांब काठी काढून घेते, तासून. फळ्यावर दाखवायला."

म्हणजे मी वर्गात जाणार. वरच्या कडेपर्यंत.

जाता जाता तुमच्याकडं एक मागणं. तुमच्या घरीही कपाट असेल. आज त्याचं दार थोडा वेळ उघडं ठेवा. जे वर्षानुवर्षं घडीत झोपलेत त्यांना बाहेर काढून उजेडात एकमेकांशेजारी टांगा. कुणाचा जोड कुणाशी लागतो ते त्यांचं त्यांना बघू द्या. आणि काहीही अंगावर चढवलंत तरी निघण्याआधी एकदा हात वर करून बघा. कुठपर्यंत जातो ते.