भोपळा सोडायचा दिवस

“उद्या भोपळा सोडायचा हं, पद्मा. पाय मारत राहायचं, अंग सैल ठेवायचं, आणि घाबरून काठाकडं बघायचं नाही.”

हे शब्द अजून माझ्या पोकळ पोटात घुमतात. ते म्हणणारे आप्पासाहेब आता देवाघरी आहेत. त्यांनी सांगितलेला तो ‘उद्या’ मात्र पन्नासहून जास्त वर्षं आलाच नाही.

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे. मी कडू जातीचा. माझी भाजी कुणी खात नाही, म्हणून मी वाचलो. दौलताबादला, किल्ल्याखाली आप्पासाहेबांचं शेत होतं. त्यांच्या विहिरीजवळच्या कुंपणावर माझा वेल चढला होता. आप्पांनी मला वेलावरच वाळू दिलं. माझा गर सुकला, बिया सुट्या झाल्या, कातडं लाकडासारखं टणक झालं. मग त्यांनी मला जवसाचं तेल चोळलं आणि माझ्याभोवती सुतळीचं जाळं विणलं. त्या काळी मुलं विहिरीत पोहायला शिकत ती आमच्याच भरवशावर. भोपळा कमरेला बांधला की मूल बुडत नसे.

त्याच वेलावरचा माझा एक जुळा भाऊ होता. मी आप्पांच्या लेकीच्या, पद्माच्या वाट्याला आलो आणि तो शेजारच्या मळ्यातल्या सारजाच्या. दोघी बारा वर्षांच्या. पद्मा हळू बोलणारी, पाण्यात उतरताना हात जोडणारी. सारजा मात्र पायरीवरून धाडकन उडी मारायची. “बापरे” म्हणायलाही तिला फुरसत नसे.

एका उन्हाळ्यात दोघी जवळजवळ तयार झाल्या. म्हणूनच आप्पा म्हणाले, उद्या भोपळा सोडायचा. त्याच संध्याकाळी पद्माच्या आजीनं आप्पांना ओसरीवर बोलावलं.

“पोरगी मोठी झाली. विहिरीवर पोरं असतात. पुरे झालं आता.”

आप्पा उठले. मला त्यांनी खुंटीला टांगलं. सारजाच्या घरीही तेच झालं. दोन वर्षांनी मोठा दुष्काळ पडला आणि विहिरीचा तळ दिसला. मी खुंटीवर लटकत राहिलो.

तिथून मी निघालो तो थेट पद्माच्या लग्नात. आप्पांनी मला रुखवतात ठेवलं! लाडू, करंज्या, विणलेली तोरणं आणि मधोमध मी. वऱ्हाडी मंडळी हसून हसून लोळायची बाकी होती.

“सूनबाई गाणाऱ्या आहेत वाटतं. तंबोऱ्याचा भोपळा आधी आला, तारा मागून येणार!”

पद्मा मान खाली घालून बसली होती. पण सासरी जाताना तिनं मला कुणाच्या हातात दिलं नाही. गाडीत स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

सासरी पद्माला पद्मजा म्हणत. शहरात क्रांती चौकाजवळच्या तिच्या घरी मी आलो आणि माझं कामच संपलं. तिथं ना विहीर, ना तळं. कधी मी माळ्यावर होतो, कधी गच्चीत. एका पावसाळ्यात कबुतरानं माझ्या शेजारी घरटं केलं आणि मला आपलं अंडं समजून की काय, ते मला टेकून बसू लागलं. दर दिवाळीला साफसफाईत माझ्यावर संकट यायचं. पद्मजाचे यजमान मधुसूदनराव फार विनोदी. एकदा त्यांनी मला भंगारवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, “साहब, ये तो मैं मुफ्त में भी नहीं लूँगा.” त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पद्मजानं मला पुसलं, तेल लावलं आणि पुन्हा माळ्यावर ठेवलं.

तिचे नेम मला माळ्यावरून ऐकू येत. पहाटे आंघोळ, तुळशीपुढे दिवा, एक माळ जप. आंघोळीचं पहिलं पाणी डोक्यावर घेताना ती सात नद्यांची नावं मोठ्यानं म्हणायची. ताप असो, पाहुणे असोत, तो नेम कधी चुकला नाही. नावं मोठ्यानं म्हणतच डोक्यावर पाणी घ्यायचं, एरवी नाही, असं तिनं आईला वचन दिलं होतं. मधुसूदनराव न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, “अहो, नद्या संपल्या असतील तर आम्हालाही थोडं पाणी ठेवा.”

अशी वर्षं गेली. पद्मजा सहासष्ट वर्षांची झाली. मग एक दिवस पुण्याहून त्यांचा मुलगा देवेश याचा फोन आला. त्यानं आईबाबांना अंदमानातल्या एका छोट्या बेटावर पाठवायचं ठरवलं होतं. तिथं उथळ समुद्रात पोवळ्यांची रानं आहेत. डोळ्यांवर काच लावायची, तोंडात श्वासाची नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खालचं सगळं बघायचं. पद्मजानं फोन ठेवला, स्टूल घेतलं आणि मला माळ्यावरून खाली काढलं.

“हा कशाला?” मधुसूदनराव म्हणाले. “तिथं जॅकेट देतात.”

“देऊ देत. माझं पोहणं याच्यापाशी अर्धं राहिलंय.”

मित्रांनो, हे ऐकून माझ्या पोटातल्या बिया हलल्या.

चिकलठाण्याच्या विमानतळावर आमची बॅग यंत्रातून गेली आणि तपासणीवाल्या बाईंनी मला बाहेर काढलं.

“मावशी, ये क्या है? अंदर क्या बज रहा है?”

“बिया आहेत बाई. त्याच्याच.”

“खोलके दिखाइए.”

“खोलला तर बुडेल ना तो,” पद्मजा अगदी हळू म्हणाली.

मधुसूदनराव पुढे झाले. “मॅडम, आमच्या लग्नापासून हा बंदच आहे. मलासुद्धा आतून दाखवलेला नाही.” बाई हसल्या. त्यांनी मला दोनदा यंत्रातून फिरवलं आणि सोडून दिलं.

पण पुढे कशाचंच धड जमेना. आमचं विमान इतकं उशिरा निघालं, की मुंबईहून पुढचं निघून गेलं. सहा दिवसांतला एक दिवस तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी बंदरावर पोचलो, तर वारा सुटला होता. बेटावर जाणाऱ्या बोटी बंद. तिसरा दिवस बंद, चौथाही बंद. लॉजच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, राखाडी आणि रागावलेला. पद्मजा पहाटे बादलीतल्या पाण्यानं आंघोळ करायची, नद्यांची नावं म्हणायची, खिडकीत पणती लावायची आणि मला उशाशी घेऊन बसायची.

दुपारी सारजाबाईंचा फोन यायचा. सारजाबाई अजून दौलताबादलाच असतात. सीताफळांच्या दिवसांत किल्ल्याच्या पायथ्याशी पाटी घेऊन बसतात.

“आला का गं तुझा समुद्र?”

“समोर आहे. जाऊ देत नाहीत.”

“म्हंजी आजीवानीच झालं की! पाणी समूर, आन् तू कोरडी.” त्या खो खो हसल्या. “भोपळा हाय ना संगं? माझा तर कवाच तडकला. त्यात मी भेंडीचं बी ठिवते.”

“आहे गं. पण एवढं करून भोपळा सोडता आला नाही तर?”

 मग सारजाबाई निराळ्याच आवाजात म्हणाल्या, “पद्मे, तुला राती कधी सपान पडतं का त्या इहिरीचं? मला लई पडतं. मी पाण्यात असती, आन् कुणीतरी वरून हाक मारतं, चल बाहेर.”

पद्मजाचे डोळे भरून आले. “सारजे, ऐक. मी भोपळा सोडला, तर परत आल्या आल्या तुला पाण्यात नेईन. हा माझा शब्द.”

“व्हय, ने की. गुडघे घरी ठिवून येते,” सारजाबाई म्हणाल्या. पण त्यांनी ‘नाय’ म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बोट सुटली. संध्याकाळी आम्ही बेटावर पोचलो. परतीची बोट सहाव्या दिवशी दुपारची. म्हणजे हातात एकच सकाळ उरली.

त्या सकाळी किनाऱ्यावर सत्यम नावाचे एक गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, उन्हानं रापलेले, वीस वर्षं हेच काम करणारे. त्यांनी पद्मजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

“आँटी, जॅकेट तो पहनना पड़ेगा.”

“दोन्ही घालते,” पद्मजा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पंजाबी ड्रेस घातला होता. त्यावर नारिंगी जॅकेट आणि काखेत मी.

“आधा घंटा है. फिर हवा उठेगी.”

पाणी छातीपर्यंत आलं. सत्यमनं काच बसवली, नळी दातांत धरायला दिली. “अब चेहरा पानी में.” पद्मजानं चेहरा पाण्यात घातला. पाणी डोक्याला लागलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तिचे ओठ उघडले. गंगा, यमुना झाल्या आणि गोदावरी येण्याआधीच खारं पाणी तोंडात शिरलं. ती खोकत, धापा टाकत वर आली.

“मुँह बंद, आँटी! नली को बस दाँत से पकड़ना है.”

दुसऱ्यांदाही तेच झालं. मग तिनं आधी नावं म्हणून मग नळी तोंडात धरली. पण तिच्या नेमाप्रमाणे पाणी डोक्यावर पडत असताना नावं ओठांवर असायला हवीत. चेहरा पाण्यात जाताच ओठ पुन्हा उघडले आणि तिसऱ्यांदाही तोंडात पाणी गेलं. सत्यमनं तिचा दंड धरला.

“बस आँटी. उमर भी है. किनारे चलते हैं.”

मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा ती खुंटी दिसली.

किनाऱ्यावरून मधुसूदनराव ओरडले, “अगं, मनात म्हण की!”

“मनात कसं म्हणू? मोठ्यानं म्हणायचा नेम आहे. आईला शब्द दिलाय.” तिचा आवाज रडवेला झाला होता. “जाऊ द्या. येते मी बाहेर.”

मधुसूदनराव पाण्याला फार भितात. कधी गुडघ्यापलीकडे उतरलेले नाहीत. पण त्यांनी पँट दुमडली आणि ते पाण्यात शिरले. पँट लगेच भिजली. एका लाटेनं ते मागे ढकलले गेले, चष्मा सावरत पुन्हा पुढे आले. धडपडत ते पद्मजापाशी पोचले.

“पूजेत काय करतेस तू? मी करत असतो आणि तू माझ्या हाताला हात लावतेस. म्हणजे पूजा दोघांची होते. बरोबर?”

“हो.”

“मग लाव हात. नावं मी म्हणतो. तू जा खाली.”

पद्मजा त्यांच्याकडे बघतच राहिली. “तुम्हाला कुठं येतात?”

“चाळीस वर्षं टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा आहे, बाई!”

तिनं त्यांच्या मनगटाला हात लावला. नळी दातांत धरली. मधुसूदनरावांनी डोळे मिटले आणि भर समुद्रात मोठ्यानं नद्यांना हाका मारायला सुरुवात केली. सिंधूपाशी ते अडखळले, मग आठवलं. बाजूला पोहणारी माणसं थांबून बघू लागली. पद्मजाचा चेहरा पाण्यात गेला. आणि ओठ मिटलेले राहिले. नळीतून तिचा श्वास येऊ-जाऊ लागला, सावकाश, माळेच्या मण्यांसारखा.

मग तिचा हात त्यांच्या मनगटावरून सुटला. सत्यम तिला हळूहळू आत घेऊन गेले. मी तिच्या डाव्या काखेत होतो. तिच्या छातीची धडधड मला कळत होती. आधी जोरात, मग कमी, मग अगदी शांत. तिनं पाय मारायला सुरुवात केली. तेच पाय, तीच लय. आणि मित्रांनो, तिनं मला सोडलं.

अंगात जॅकेट होतं, हे मी लपवत नाही. तरंगवायला माझी गरज त्या दिवशी नव्हतीच. पण ती पुढे जात राहिली आणि मी मागे एकटा डुलत राहिलो, तेव्हा मला जे सुख झालं ते उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. माझ्यासारख्याचा जन्म ज्याला धरून ठेवण्यासाठी असतो, त्यानं सोडून देण्यातच माझं काम पुरं होतं. मी लाटांवर वाहत चाललो होतो. सत्यमनं मला आणून दिलं आणि टिचकी मारून पाहिलं. “अच्छा माल है आँटी. प्लास्टिक नहीं है.”

खालचं मला दिसलं नाही. ते मी बोटीत ऐकलं, पद्मजा फोनवर सांगत होती तेव्हा. “सारजे, आपल्याकडं हिमरू शालीवर असते ना, तशी नक्षी. आणि ती हलते गं! निळे मासे पोवळं कुरतडतात, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येतो.”

“एखादा खाल्ला का न्हाय?”

“शिव शिव! काहीतरीच बोलतेस.” मग आवाज हळू झाला. “सारजे, सोडला मी.”

पलीकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

आता आम्हाला परत येऊन चार दिवस झालेत. खाऱ्या पाण्यानं माझी सुतळी कडक झाली होती. पद्मजानं ती गोड्या पाण्यात भिजवून वाळवली, एक तुटलेला पेड नव्यानं विणला आणि मला तेल लावलं. मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखं काही पडलेलं असेल. ते टाकू नका असं मी म्हणत नाही. जागा लागते, मला कळतं. पण टाकण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना एकदा विचारा, की याच्यापाशी तुमचं काही अर्धं राहिलंय का? आणि उत्तर यायला वेळ लागला, तर थोडं थांबा.

आज पहाटे आंघोळ झाली, तुळशीपुढे दिवा लागला. पद्मजानं पिशवी भरली. दोन टॉवेल, कोरड्या कपड्यांचे दोन जोड, गुडघ्यांना चोळायच्या तेलाची बाटली, आणि सगळ्यांत वर मी. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ सकाळी नऊची आहे, ती विचारून आली आहे. त्याआधी दौलताबादहून सारजाबाईंना आणायचं आहे. मधुसूदनराव अजून झोपले आहेत. तिनं त्यांच्या उशाशी चहाचा थर्मास ठेवला, चपला हातात घेतल्या आणि पहिली बस गाठायला दार हळूच ओढून घेतलं.