पस्तीस मिनिटं

कंपनीची बस पुलाच्या चढावर तासभर एकाच जागी उभी होती. पुढे कुठे तरी ट्रक उलटला होता. ती डोळे मिटून मनातल्या मनात आकडे मोजत होती, कारण तिला बस लागत होती. शेजारी पॉलिश खात्यातली बाई तिच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. शेवटी डब्याची पिशवी रिकामी करून ती त्यातच ओकली, सगळ्यांच्या देखत. एकाने खिडकीकडे तोंड वळवलं, एवढंच.

ती कवळ्या बनवायची. एकोणीस वर्षं झाली होती. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर ती मेणात एकेक दात बसवायची. पुढचा दात सरळ हवा की अंमळ तिरका, हे तिला नुसता साचा पाहून कळायचं. माणूस हसला की घरच्यांना तो आपलाच वाटला पाहिजे, असं ती म्हणायची. नव्या मुलींना साहेब आधी तिच्याच टेबलापाशी उभं करायचे.

जुनी लॅब गावातच होती. घरापासून कालव्याच्या कडेने पस्तीस मिनिटं. सकाळी जाताना दिवसभराच्या कामाची जुळवाजुळव व्हायची. संध्याकाळी येताना साहेबांचं बोलणं, बिघडलेला साचा, अवघडलेली मान, सगळं वाटेत गळून पडायचं. वडील गेल्याचा फोन लॅबमध्ये आला तेव्हाही ती चालतच निघाली होती. रडायचं ते कालव्यावर रडून घेतलं. घरी पोचली तेव्हा बॅग भरायला तिचे हात मोकळे होते.

मग कंपनीने हमरस्त्यापलीकडे लांबवर नवी इमारत बांधली आणि सगळ्यांसाठी बस सुरू केली. गार हवा, मऊ खुर्च्या. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला.

"बसून तर जायचंय," नवरा म्हणाला. "लोक तरसतात अशा सोयीला."

त्याचं काही चुकत नव्हतं. बसून बसूनच जीव दमतो, हे तिला कुणाला पटवता आलं नसतं.

तीन महिन्यांत तिचा हात बिघडला. बसमधून उतरल्यावर तासभर तरी मेणात एक दात नीट बसत नसे. एकदा साहेबांनी तिच्यापुढचे साचे उचलून दुसरीच्या टेबलावर ठेवले. परतताना निदान कालव्यापाशी तरी उतरवा, अशी तिने ड्रायव्हरची विनवणी करून पाहिली. मधे दार उघडलं की ऑफिसात नोंद होते, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. तिने स्कूटर शिकून पाहिली. हमरस्त्यावर पहिल्याच ट्रकचा वारा अंगावर आला आणि ती कडेला उतरली ती कायमची.

घरी सासरे होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलेला माणूस. आता विसरायला लागला होता. दिवसभर त्यांच्यापाशी एक मावशी असायच्या. पूर्वी सून सहाच्या आत घरात असायची. आता सातला ती दारात यायची तेव्हा मावशी चपला घालूनच उभ्या असायच्या. त्या निघाल्या की सासरे विचारायचे, "अगं, ती आली का गं?"

ती म्हणजे सासूबाई. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. बाजारात गेल्यात, येतील इतक्यात, असं सून सांगायची. तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं. पाचव्यांदा विचारलं तरी तिचा आवाज चढत नसे.

ट्रक उलटला त्या दिवशी तिला घरी यायला साडेआठ झाले. मावशी धुमसत निघून गेल्या. सासऱ्यांनी विचारलं. तिने सांगितलं. ती चूळ भरून आली तर त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मेल्यात त्या. सहा वर्षं झाली. किती वेळा सांगू?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"बाबा, चुकले मी," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

नवरा आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. उद्या विसरतील ते, असा त्याने धीर दिला.

आणि विसरलेही. तिचे शब्द विसरले, बायको गेल्याचं विसरले. धसका तेवढा राहिला. त्यांनी तिला पुन्हा काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीने छापील कागद वाटले. नव्या बससेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? पुढे पाच चौकोन. पॉलिशवाली पूर्वी तीन बस बदलून यायची. ती हळूच म्हणाली, "चांगलंच लिही हं बाई. नाहीतर आहे तीही बंद करतील." चौकोनांखाली, आणखी काही सांगायचं असल्यास, म्हणून दोन ओळी सोडल्या होत्या. त्या दोन ओळींवर तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग 'समाधानी'वर खूण करून कागद पुढे दिला.

त्या संध्याकाळी मावशी गेल्या आणि ती आत आली. तिला पाहताच सासरे काठीवर भार देऊन खुर्चीतून उठले. छापखान्यात मालक आल्यावर उठत असतील तसे. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी चाचपडत लावलं.

"बाबा, बसा ना. मीच आहे."

"नको, नको." त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तुम्ही बसा. लांबून आलात."

ती बसली. ते काठी धरून उभेच राहिले.