ऑफिसात गेलेली जेवणाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची. सुताराने मला बहिणींबरोबर जेवणाच्या टेबलासाठी घडवलं. माझा मागचा एक पाय जरा आखूड राहिला, म्हणून त्याखाली कायम पुठ्ठ्याची घडी असायची. तरी वर्षानुवर्षं हे घर माझ्यावर बसून पोटभर जेवलं.

मग महासाथ आली आणि ऑफिसं बंद झाली. आमची सूनबाई लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याची नोकरी करते. तिने मला उचलून आतल्या खोलीत नेलं. पुठ्ठा मात्र टेबलाखालीच राहिला. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, खाली मी! मला भारी नवल वाटायचं. काल माझ्यावर बसून भाजी निवडत होते आणि आज मी ऑफिस झाले? कुणी केलं मला ऑफिस?

सासूबाईंनी नियमच घातला. दार लागलं की सून कामावर गेली. हाक मारायची नाही, आत डोकावायचं नाही. स्वतः त्या तर दारासमोरून चवड्यांवर चालत.

एका दुपारी दोन कॉलच्या मधे सूनबाई जराशी मागे रेलली आणि माझा तो पाय कडकन मोडला. आम्ही दोघी आडव्या! तिचं मनगट मोडलं. माझा जीव नुसता कळवळला.

कामावर दुखापत झाली तर कंपनी उपचारांचा खर्च देते, भरपगारी रजाही देते. ऑफिसच्या जिन्यावर पडली असती तर प्रश्नच नव्हता. पण ही पडली घरात! नवऱ्याचं दुकान टाळेबंदीत बंद, सगळा भार हिच्या पगारावर. रजा नामंजूर झाली तर खायचं काय?

भरपाईचं काम पाहणाऱ्या साहेबांनी व्हिडिओ कॉल केला. मोडक्या पायासकट मलाही कॅमेऱ्यापुढे धरलं.

"तेव्हा कॉल चालू नव्हता," साहेब म्हणाले. "मग घरातलं काही करत नव्हतात कशावरून?"

साहेब शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे वळले. "आजी, आवाज ऐकून तुम्ही आत गेला असाल. काय पाहिलंत?"

सासूबाईंचा चेहरा पडला. "नाही गेले."

"ऐकू आलं नाही?"

"आलं की! धाडकन आवाज आला. 'आई गं' म्हणून ओरडली, तेही ऐकलं. दाराशी नुसती तळमळत उभी राहिले. पण साहेब, आत कशी जाणार? ती ऑफिसात होती ना!" आणि त्यांना रडूच कोसळलं.

साहेब हळूच म्हणाले, "झालं आजी, एवढंच हवं होतं मला." खर्च आणि रजा, दोन्ही मंजूर झालं.

मला नवा पाय बसला. सासूबाईंची टोचणी मात्र जाईना. सूनबाई समजावते, "आई, तुम्ही आत आला असतात तर रजा मिळाली नसती." त्या म्हणतात, "खड्ड्यात गेली तुझी रजा!"

मित्रांनो, खुर्चीचे पाय अधूनमधून हलवून पाहत जा, एवढी या म्हातारीची विनंती. आणि दाराआड कुणी पडल्याचा आवाज आला, तर आत घर आहे की ऑफिस, ते साहेबांना ठरवू द्या. तुम्ही आधी दार उघडा.