पोहे म्हणजे खाणं नव्हे

माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा रिपोर्ट, नॉर्मल आला. चार वर्षांत पहिल्यांदा. पण इंदूरच्या स्नेहलतागंजमधल्या आमच्या घरात असं काही झालेलंच नाही, असं ठरलंय. तेव्हा तुम्हीही विसरा. मी आजारी आहे, नाहीतर आळशी. नक्की काय, यावर घरात मतदान बाकी आहे.

थायरॉइड ही गळ्यातली छोटीशी ग्रंथी. माझी कामचुकार आहे, म्हणून तिचं काम एक गोळी करते. सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग तासभर तोंड बंद. रॉकेट सोडायचं नाहीये.

पण गोळ्यांचं खातं शांताआत्याकडे. ती बाबांची मोठी बहीण. आई सकाळीच बेटमा गावच्या शाळेत शिकवायला निघते, मग घर आत्याच्या ताब्यात. पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते, त्यामुळे आमच्याकडे औषधसुद्धा हजेरी लावून घ्यायचं. हात पुढे, तळहातावर गोळ्या, शेजारी पोह्यांची प्लेट.

दवाखान्यातही आत्या बरोबर. डॉक्टर अंबिका विचारायच्या, "निधी, गोळी रिकाम्या पोटी घेतेस ना?"

"एकदम रिकाम्या, डॉक्टरजी," आत्या म्हणायची. गळा माझा, उत्तर तिचं.

रिपोर्ट खराब यायचा, डोस वाढायचा. पन्नासचे पंचाहत्तर झाले, मग शंभर, मग सव्वाशे मायक्रोग्रॅम. केस गळत होते. मे महिन्यात इंदूरमध्ये मी एकटी स्वेटर घालून फिरत होते. सांवेर रोडच्या कारखान्यात मी पॅकिंग तपासते. तिथे मी एका खोक्यात झोपलेली सापडले. खोक्यावर 'तपासलेले' असा शिक्का होता. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, और एक बार हुआ तो घर पे ही सोना."

बाबा म्हणाले, "आपल्या खानदानात आळस नाही बेटा. हा कुठून उचलून आणलास?"

मग एकदा आत्या देवळात गेली आणि मी स्वतः गोळी शोधायला गेले. शेगडीच्या शेजारी जुना मसाल्याचा डबा. सात वाट्या. घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटातून सोलून, रंगाप्रमाणे लावलेल्या. माझ्या गोळीला हिंगाचा वास होता. चार वर्षं मला वाटत होतं, थायरॉइडच्या गोळीला तसाच येतो.

आत्या परतली.

"पाकिटातून का काढल्यास?"

"पाकिटं टोचतात गं. आणि डबा फालतू पडला होता."

"पाकिटावर लिहिलंय, थंड, कोरड्या जागी ठेवा! इथे रोज फोडणी उडते!"

"फोडणी कोरडीच असते."

"आणि ही दुसरी पांढरी?"

"माझी कॅल्शियमची. तुलाही रोज एक देते बरोबर. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बायकांच्या."

कॅल्शियम थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. आमच्याकडे दोघी एकाच घोटात जात होत्या.

"आणि डॉक्टरांना रिकाम्या पोटी म्हणून सांगितलंस! रोज पोहे खाते मी!"

आत्या खरोखर गोंधळली. "पोहे म्हणजे काय खाणं असतं का?"

सकाळ-संध्याकाळ पोहे खाणाऱ्या अख्ख्या इंदुरात माझ्या बाजूने साक्ष द्यायला कुणी आलं नसतं. याचाच जास्त राग आला. मी किंचाळले. थायरॉइडने आवाज बसलेला, त्यामुळे लोखंडी कपाट सरकवल्यासारखा आवाज निघाला.

"खोकला झालाय का?" आत्या पाचव्या वाटीकडे वळली.

मी नवं पाकीट आणलं, माझ्या कपाटात कुलपात ठेवलं. रिकामं पोट, साधं पाणी, तासभर काही नाही. पण रागाच्या भरात डॉक्टरांना कळवलंच नाही. सव्वाशेचा डोस पोह्यांना हरवण्यासाठी वाढवलेला होता. आता समोर पोहे नव्हते.

काही आठवड्यांत छाती धडधडायला लागली. हात थरथरायचे. पहाटे झोप उडायची, तर मी पंखे पुसायचे. वजन झरझर उतरलं. घर खूश. बाबा म्हणाले, "आता कुठे रक्त जागं झालं!" आत्याने मला गॅलरीची जाळी घासायला दिली. तीही मी घासली, दोन्ही बाजूंनी, रडत.

या वेळी दवाखान्यात आत्याला मी बाहेर बसवलं. "निधी, गोळी रिकाम्या—" एवढ्यात दार ढकलून उत्तर आत आलं, "एकदम!"

"आत्या, बाहेर!" मी म्हणाले. मग डॉक्टरांना हिंगापासून सगळं सांगितलं. त्यांनी माझी फाइल पहिल्या पानापासून उलटली आणि डोस पंचाहत्तरवर आणला. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

"कमी केला?" आत्या रिक्षात ओरडली. "आत्ता तर मुलगी कामाला लागली होती! डॉक्टरजींना सांग, दीडशे करा!"

सहा आठवड्यांनी रिपोर्ट नॉर्मल. आता मी रात्री झोपते, कारखान्यात जागी असते, रविवारी सोफ्यावर बसते. बसते, एवढंच. बाबा रिपोर्टकडे बघतात, मग सोफ्याकडे बघतात, आणि म्हणतात, "पुन्हा बिघडली." काल माझ्या चहाच्या तळाशी काहीतरी पांढरं विरघळत होतं. विचारलं तर आत्या म्हणाली, "साखर आहे. थोडी गोल."

शेवटी मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला: सबब माननीय महोदयांस सविनय विनंती की, अर्जदार कु. निधी हिच्या गळ्याचा पुढील भाग, हनुवटीपासून गळ्याखालच्या हाडापर्यंत, तिच्या घराच्या हद्दीतून वगळून स्वतंत्र क्षेत्र घोषित करावा. तेथे आत्या, बाबा व कॅल्शियम यांना प्रवेशबंदी करावी. आणि पोहे हे खाणे आहे, असा आदेश संपूर्ण इंदूर शहरासाठी तातडीने काढावा.