पिवळी, काळी आणि माझी पुली

मित्रांनो, माझ्या अंगावर आता धूळ जास्त आणि बटणं कमी आहेत. तरी ओळख सांगतो. मी आष्ट्यातल्या एका मोटार रिवायंडिंगच्या, म्हणजे जळक्या विजेच्या मोटारींना नवी तार गुंडाळायच्या दुकानातला जुना टेपरेकॉर्डर आहे. कॅसेट ही वस्तू तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलीही नसेल, पण एके काळी माझ्यापुढे माणसं मांडी घालून बसत.

माझं बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. माझे मालक आण्णा तिथं वीजघरात कामाला होते. भूकंपाचा धक्का बसला की वसाहतीतली माणसं हाताला लागेल ते घेऊन अंगणात धावायची. आण्णांच्या हाताला नेहमी मीच लागायचो. "बायको ऱ्हाऊ द्या, टेप आला न्हवं भाईर?" असं त्यांच्या पत्नी भामाबाई सगळ्यांदेखत विचारायच्या, आणि आण्णा लाजून मला रुमालानं पुसत बसायचे. इतकं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. एका धक्क्याला मात्र आण्णा घरी नव्हते. मी फळीवरून पडलो आणि माझ्या मोटरची पुली, म्हणजे पट्टा फिरवणारी चकती, तडकली.

आण्णा निवृत्त झाल्यावर आम्ही आष्ट्याला आलो. मुलगा प्रबुद्ध यानं दुकान टाकलं आणि मला दुरुस्तीला घेतलं. तशी पुली मिळेना, म्हणून त्यानं शेजारच्या लेथवर नवी करून घेतली. ती अंमळ मोठी झाली आणि मी जरा जोरात फिरू लागलो. आण्णांच्या कॅसेट कोयनेच्या ओलीनं बुरशी लागून गेल्या होत्या, त्यामुळं फरक कुणाच्या ध्यानात आला नाही.

मग प्रबुद्धचा मित्र इंद्रजित यानं पुण्याच्या फुटपाथवरून दोन कॅसेट आणल्या. एकीचं कव्हर पिवळं, दुसरीचं काळं. नावं पुसून गेलेली. आत पंक नावाचं परदेशी संगीत होतं. मोजके सूर, धडाधड ढोल आणि गाणारा कुणावर तरी भयंकर चिडलेला. मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू! समोरचा चहावाला तात्याबा म्हणायचा, "गाणं हाय का भांडान लागलंय रं?"

दोन्ही होतं. इंद्रजितला पिवळी प्यारी, प्रबुद्धला काळी. जळक्या मोटारी बाजूला ठेवून दोघं त्यावरून तोंडाला फेस येईपर्यंत वाद घालत. प्रबुद्धची धाकटी बहीण आम्रपाली वादात पडत नसे, ती गात असे. इंग्रजी शब्द कळत नव्हते तिथं ती आपले घालायची: न थांबणारी एसटी, आडनाव विचारून खोली नाकारणारा घरमालक. इंद्रजितनं बँजो पार्टीतून ड्रम मागून आणला, प्रबुद्धनं गिटार मिळवली आणि माझ्याकडून गाणी शिकून तिघं वाजवू लागले. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पुढं गाणी वाजवणारे मोबाइल फोन आले. इंद्रजित शिरवळच्या कारखान्यात लागला, आम्रपाली सांगलीला शिक्षिका झाली. मी माळ्यावर तांब्याच्या तारेशेजारी जाऊन पडलो. पालीनं माझ्या पोटात अंडी घातली. तक्रार कुणाकडं करणार?

यंदा अचानक माळ्याखाली ओळखीचे आवाज आले. तिघांनी आष्ट्याच्या कुस्तीच्या मैदानावर एक दिवसाचा पंक मेळा ठरवला होता. कार्यक्रमही कुस्त्यांसारखाच लावला. आधी पोरासोरांच्या जोड्या, मग चढत्या ताकदीचे बँड आणि शेवटी एक नंबरची कुस्ती, म्हणजे हे तिघं. पण वाजवायचं काय?

"पिवळी," इंद्रजित म्हणाला.

"काळीच! गड्या, पिवळीत दम न्हाई."

आम्रपालीनं वैतागून फोनला चाल गुणगुणून दाखवली, पिवळीतली मूळ गाणी शोधली आणि लावली. गाणं अगदी सावकाश चाललं होतं.

"ह्याला ताप आलाय व्हय?" प्रबुद्ध म्हणाला.

काळीही तशीच निघाली. इंद्रजितचा चेहरा उतरला. "म्हंजे आपुन जलमभर चुकीचंच वाजवलं. पुण्या-कोल्हापूरची जाणती पोरं येणार, हसतील रं. आपलं नाव काढून टाक."

प्रबुद्धनं मला खाली काढलं, उघडलं आणि मोठी पुली पाहून कपाळावर हात मारला. "ही बदलतो. बरोबर ऐकू, गाणी नव्यानं बसवू." त्यानं पेचकस लावला. मित्रांनो, मी कधी नव्हे इतका घाबरलो. पुली गेली असती तर मी बिनचूक झालो असतो, पण या तिघांची गाणी जगात कुठंच उरली नसती.

"दादा, थांब," आम्रपाली म्हणाली. "आदी एकदा ऐक, मग काय ती मोडतोड कर." तिनं पिवळी माझ्यात घातली आणि बटण दाबलं. मी खरखरलो, अडखळलो आणि धावलो. न थांबणारी एसटी तिच्या ओठांवर आपसूक आली. इंद्रजित मान खाली घालून बसला होता, पण त्याचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला. मग बोटं. मग त्यानं तारेचं रिकामं रीळ ओढून बडवायलाच घेतलं. प्रबुद्धनं पेचकस खाली ठेवला.

"इंद्रजित, लावू का नाव?" तिनं विचारलं.

"लाव! पर पिवळी आदी."

"न्हाई. एक पिवळीतलं, एक काळीतलं. कुस्ती बरोबरीत सुटली," आम्रपालीनं निकाल दिला.

मेळ्याच्या दिवशी मला आखाड्याच्या कडेला स्टुलावर बसवलं होतं. ऊन कलताना तिघांनी सुरुवात केली. पुण्याची पोरं आधी एकमेकांकडं बघू लागली. मग एक जण ओरडला, "अरे, हे तर मूळ गाण्यापेक्षा भारी आहे!" आणि सगळी पोरं लाल मातीत नाचायला उतरली. भामाबाई आता पुष्कळ थकल्या आहेत. त्या माझ्याशेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. गर्दी अंगावर येऊ लागली तशी त्यांनी मला स्टुलावरून उचलून मांडीवर घेतलं. "आवं, तुमचा टेप हाय माज्याजवळ," असं त्या हळूच म्हणाल्या. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल. त्याला खाली काढा, धूळ पुसा, जमलं तर दुरुस्तही करा. पण पेचकस लावण्याआधी त्याला एकदा वाजू द्या.