खोड्यांचं कौतुक

"हमारे घराणे में ऐसा कोई नहीं. ये सब इसके मायके का है!" प्रभावतीबाईंनी सुनेकडे बोट दाखवून डॉक्टर हुमेराला ठणकावलं.

 मुलगा तन्मय चालायला लागल्यापासून संपदा हेच ऐकत होती. सासूबाई दर हिवाळ्यात शारजाला यायच्या आणि पोराने दूध सांडलं की हिच्या बापाचा उद्धार व्हायचा. यंदा तर सासूबाई आणि नवरा उपेंद्र, दोघा मायलेकांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं, जूनपासून तन्मय साताऱ्याच्या हॉस्टेलवर. "दोन फटके बसले की येईल सरळ," म्हणे! आठ वर्षांचं पोर ते. संपदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हणूनच आज तिने उपेंद्रबरोबर सासूबाईंनाही आग्रह करकरून क्लिनिकमध्ये आणलं होतं.

बाहेर नर्सबाई तन्मयला खेळवत होत्या. आत डॉक्टर समजावत होत्या. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात, डोपामिन हे त्यातलंच एक. तन्मयसारख्या, लक्ष न टिकणाऱ्या मुलांमध्ये हा निरोप पुरेसा पोचत नाही. गोळी ते रसायन लगेच परत खेचलं जाऊ देत नाही, म्हणून लक्ष टिकतं.

"अक्सर ये खानदान में चलता है. घर में और कोई था ऐसा?"

"कोई नहीं!"

"अहो आई," संपदाचा आवाज साखरेत घोळलेला, "ह्यांचा तो गारुड्याचा किस्सा सांगा ना. किती रंगवून सांगता!"

सासूबाई खुलल्याच. लेकाच्या खोड्या हा त्यांचा आवडता विषय. उपेंद्र वर्गाच्या खिडकीतून उडी मारून गारुड्यामागे पार दुसऱ्या गावाला गेला होता. दप्तर तर रोज कुठेतरी विसरायचा.

"आणि ते परीक्षेचं?" संपदाने हळूच पुढे ढकललं.

"अरे हां! आधा पेपर छोडके चिड़िया देखता बैठा!"

"फिर आप लोग क्या करते थे?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"इसके पिताजी खंबे को बांधके पट्टे से मारते थे. पट्टा मैं ही लाके देती थी."

डॉक्टरांचं पेन थांबलं. सासूबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बरी सापडलीस, संपदाला वाटलं. मनातून ती अक्षरशः नाचत होती.

"कळलं ना आई, कोणाच्या घराण्यातलं ते?" असं म्हणून तिने मोठ्या तोऱ्यात नवऱ्याकडे पाहिलं.

उपेंद्र डॉक्टरांकडे बघत होता. "मतलब... मैं जानबूझके नहीं करता था?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"हॉस्टेल खलास," तो मराठीत म्हणाला. "तन्मय कुठेही जाणार नाही."

"अरे बाळा, तसं नव्हे रे..." प्रभावतीबाईंनी त्याच्या केसांवरून फिरवायला हात उचलला.

उपेंद्रचं कोपर आपोआप तोंडासमोर आलं.